सत्तावीस मेचं पान

१

त्या गुरुवारी शाळेची घंटा सहा मिनिटं उशिरा झाली. सहा मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं बाहेरच्याला वाटेल. पण गेनबा मामा ज्या शाळेचे शिपाई आहेत, तिथल्या मुली हातातलं घड्याळ घंटेवरून लावतात. त्यामुळे बुधवार पेठेत पुस्तकांच्या दोन दुकानांमध्ये अंग चोरून उभ्या असलेल्या त्या कन्याशाळेत सहाव्या मिनिटाला चक्क कुजबुज सुरू झाली.

मिसबा बागवान तेव्हा जिन्याखाली, दिनविशेषाच्या फळ्यासमोर उभी होती. ती सांगत होती आणि स्टुलावर चढून ऋतुजा खांदवे लिहीत होती. दोघी नववी ब, बाक एक, डबा एक, आणि कामाची वाटणी ठरलेली. शोधायचं मिसबाने, लिहायचं ऋतुजाने. कारण ऋतुजाचं अक्षर छापल्यासारखं, आणि मिसबाचं अक्षर म्हणजे, तिच्याच अब्बांच्या शब्दांत, टोपलीतून सांडलेली बोरं.

"चार डिसेंबर," मिसबा म्हणाली. "नौदल दिन. त्याखाली, अठराशे एकोणतीस, सतीबंदीचा कायदा."

"एवढंच? जन्म कुणाचा नाही का आज?"

"सातवीतल्या दोघींचा आहे. थांब, वहीत बघते. आणि मामा कुठे राहिले आज?"

मामा मोठ्या बाईंच्या केबिनबाहेर उभे होते. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मामांच्या हातात घंटेचा हातोडा होता, पण ते नुसतेच भिंतीकडे बघत होते, बस चुकलेल्या माणसासारखे. मग आतून कुणीतरी हाक मारली तसे ते भानावर आले आणि त्यांनी टोल दिले. परत जिन्यापाशी आले, तेव्हा मिसबा हसून म्हणाली, "मामा, आज घंटा झोपली होती का?"

मामा थांबले. एरवी या प्रश्नाला त्यांच्याकडून सव्याज उत्तर आलं असतं.

"तुला घरच्या पोरीवानी सांगितलं व्हतं म्या," ते हळूच म्हणाले. "कागदावर घालून संस्थेच्या सायबाला धाडायला न्हवं."

आणि गेले. ऋतुजाच्या हातातला खडू मोडून खाली पडला.

"काय म्हणाले ते?" मिसबाने विचारलं.

"मला काय माहीत," ऋतुजा म्हणाली.

२

आता त्या वहीबद्दल सांगायलाच हवं.

शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि दिनविशेष: आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं. बहुतेक मुली तेवढ्यात एक डुलकी काढून घेतात. मिसबा मात्र सातवीत असताना एका सकाळी खडबडून जागी झाली. एक ऑगस्ट एकोणीसशे वीस. त्या एकाच दिवशी लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे जन्मले. एकाच दिवशी! तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं की प्रत्येक तारीख म्हणजे एक चाळ आहे. एका खोलीत पाळणा हलतोय, शेजारच्या खोलीत रडारड चाललीय, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी कायदा पास करतंय. एकमेकांशी ओळख नाही, पण पत्ता एकच.

तिने दोनशे पानी दोन वह्या एकत्र शिवून घेतल्या आणि प्रत्येक तारखेला एक पान दिलं. वर मोठी माणसं. मध्ये आडवी रेघ. रेघेखाली 'आपली माणसं': शाळेतल्या मुली, बाई, समोरचा पुस्तकवाला, मंडईतले लोक. सगळ्यांत गच्च भरलेलं पान कुठलं असेल तर एक जूनचं. तिचे अब्बा मन्सूर एक जूनचे, मोठे चाचा एक जूनचे, मंडईतल्या निम्म्या म्हाताऱ्या बायका एक जूनच्या. कारण साधं आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर बेलाशक एक जून लिहून टाकायचे.

गेनबा मामाही कागदोपत्री एक जूनचेच. एक जून एकोणीसशे सहासष्ट. म्हणून येत्या एकतीस मेला त्यांची सेवा संपणार होती. पण दिवाळीच्या सुट्टीआधी, शाळेत लावलेले आकाशकंदील उतरवून ठेवताना, त्यांनी मिसबाला खरी गोष्ट सांगितली.

"म्या जल्मलो आन् घरातली समदी रडाया लागली. आईला वाटलं, पोरगं मेलेलंच निघालं. तर रेडिओवर सांगत व्हते, पंडितजी गेले."

मिसबाच्या अंगावर काटा आला. सत्तावीस मे एकोणीसशे चौसष्ट! सुट्टीत तिने ते पान लिहिलं. वर, १९३५, रमाबाई आंबेडकर यांचे निधन. १९६२, क्रिकेटपटू रवी शास्त्री यांचा जन्म. १९६४, पंडित नेहरू यांचे निधन. रेघेखाली, १९६४, आपले गेनबा मामा, जन्म दुपारी, गाव कळस.

शाळा उघडल्यावर शनिवार-रविवार वही ऋतुजाने घरी नेली. मेच्या पानांवर जांभळ्या शाईने तारखा काढायच्या होत्या. सोमवारी सकाळी वही परत आली. छोट्या सुट्टीत मिसबाने मोठ्या अभिमानाने मामांना ते पान वाचून दाखवलं. मामा हसायलाच लागले.

"कळस कुठलं गं? आमी ऱ्हातो कळसला. पयलं लेकरू बाईच्या म्हायेरी हुतं. म्या धानोरीचा. आमच्याकडं कुनालाबी इचार, शेंबडं पोर सांगंल."

मिसबाने तिथेच, मामांच्या देखत, 'कळस'वर व्हाइटनर फिरवला, फुंकर मारमारून वाळवला आणि वर 'धानोरी' लिहिलं. मोठ्या सुट्टीत वही सत्यशीला बाईंच्या टेबलावर गेली. सत्यशीला बाई इतिहास शिकवतात. त्या प्रत्येक पान वाचून खाली सही करतात आणि सहीखाली तारीख टाकतात. पुढे त्यांनीच ठरवलं की जिल्ह्याच्या प्रदर्शनाला ही वही पाठवायची. फॉर्मवर एकाच नावाला जागा होती. 'संकलन: मिसबा मन्सूर बागवान.' मिसबा त्या दिवशी मंडईतल्या अब्बांच्या फळांच्या गाड्यापर्यंत उड्या मारत गेली होती.

आणि आता मामा तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

३

"कसलं पत्र, बाई?"

सत्यशीला बाईंनी शिक्षक-खोलीचं दार लोटलं. "तुला कुणी सांगितलं पत्राचं?"

"मामा म्हणाले, मी संस्थेला काहीतरी धाडलं. मी काहीच नाही धाडलं, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या चष्मा पुसायला लागल्या की मामला गंभीर, हे आख्ख्या शाळेला माहीत आहे.

"निनावी पत्र आलंय. गेनबांनी खोटी जन्मतारीख लावून दोन वर्षं जास्त नोकरी मिळवली, असा त्याचा अर्थ होतो. परवा, शनिवारी, संस्थेचे सचिव येणार आहेत चौकशीला."

"मग काय होईल?"

"होईल काय? एकतीस वर्षं घंटा दिलेल्या माणसाला निरोपाचा शाल-नारळ मिळायचा, त्याऐवजी फसवणुकीचा शिक्का मिळेल. पत्रात सत्तावीस मे एकोणीसशे चौसष्ट ही तारीख आहे, मिसबा. आणि गेनबा म्हणतात, शाळेत ती त्यांनी तुला एकटीलाच सांगितली होती."

बाईंच्या नजरेत राग नव्हता, पण प्रश्न होता, आणि तो रागापेक्षा वाईट होता.

"बाई, तुम्हालाही माझाच संशय येतोय?"

"मी इतिहास शिकवते. आधी पुरावा, मग मत." बाई उठल्या. "पण पुरावा आण हं. लवकर आण."

बाहेर ऋतुजा वाट बघत होती. मिसबाने सगळं सांगितलं. ऋतुजाचा चेहरा पांढराफटक पडला. मिसबाला वाटलं, माझ्यासाठी किती घाबरलीय बघा.

"गावातल्या कुणीतरी लिहिलं असणार," ऋतुजा म्हणाली. "भाऊबंदकी असते गं मामांच्या नि आमच्या त्या भागात. जमिनीवरून काहीही करतात लोक."

"असेलही. किंवा शाळेतून कुणीतरी."

"शाळेतून? मग फळ्यावर वाचलं असेल."

मिसबा थांबली. मग अगदी सावकाश म्हणाली, "सत्तावीस मेला शाळा कुठे असते? मेमध्ये परिपाठ नाही, फळा नाही. ती तारीख फळ्यावर आलेलीच नाही, आणि येणारही नाही. शाळेतल्या ज्याने वाचलं, त्याने वहीतच वाचलं."

"मग... वही कुणाकुणाकडे होती?"

"बाईंकडे. आणि झेरॉक्ससाठी ऑफिसात, योगेश सरांकडे."

"योगेश सर," ऋतुजा लगेच म्हणाली. "शंभर टक्के. मागच्याच आठवड्यात कपाटाच्या किल्लीवरून मामांशी केवढं वाजलं त्यांचं. तू डायरेक्ट विचार त्यांना. मी येते सोबत."

पण ऑफिसच्या दारापाशी पोचल्यावर ऋतुजाला अचानक आठवलं की तिला विश्रांतवाडीची बस गाठायची आहे.

४

योगेश सर म्हणजे शाळेचे लिपिक. त्यांच्या खिडकीवर पाटी आहे: 'दाखला आज मागितल्यास उद्या मिळेल. घाई असल्यास परवा.'

"सर, एक विचारायचं होतं."

"विचारण्याचे पैसे पडत नाहीत. उत्तराची खात्री नाही."

"तुम्ही माझ्या वहीच्या झेरॉक्स काढल्या, तेव्हा मेची पानं वाचली होती का?"

सरांनी मान वर केली. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"म्हणजे मी गेनबांविरुद्ध पत्र लिहिलं का, असं विचारायचंय. सरळ विचार की. नववीत आहेस, बालवाडीत नाही."

मिसबाने सरळच विचारलं. "लिहिलंत का?"

"माझं आणि गेनबांचं आठवड्यातून दोनदा भांडण होतं. बारा वर्षं होतंय. ते निवृत्त झाल्यावर मी भांडू कुणाशी, त्या वॉटर प्युरिफायरशी?" त्यांनी खण ओढला आणि एक कागद बाहेर काढला. "ही पत्राची प्रत. आवक-जावक माझ्याकडेच असते. दाखवायला नको खरं तर. पण सगळे जण तुझ्याकडे बोट दाखवतायत, तर तुला निदान कशाबद्दल ते कळू दे. इथेच वाच. नेऊ नकोस."

कागद टाइप केलेला होता. खाली सही नाही. वर तारीख, वीस नोव्हेंबर. मिसबा उभ्याउभ्याच वाचू लागली.

'महोदय, आपल्या शाळेतील शिपाई श्री. गेनबा सखाराम म्हस्के यांची नोंदीतील जन्मतारीख १ जून १९६६ ही चुकीची असून, त्यांचा जन्म २७ मे १९६४ रोजी दुपारी कळस येथे झाला आहे. याबाबत गावातील जाणत्या व्यक्तींकडून समक्ष खात्री करून घेतली आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.'

तिने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिचं बोट एका शब्दावर थांबलं आणि तिथून हलेना.

"काय झालं?" योगेश सरांनी विचारलं. "बस खुर्चीवर. ए, बस आधी."

"सर," ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलेलं नाही."

"आभारी आहे."

"सत्यशीला बाईंनीही नाही. आणि गावातल्या कुणी तर नाहीच नाही."

"मग राहिलं कोण?"

मिसबाने कागद टेबलावर ठेवला. "उद्या सांगितलं तर चालेल का?"

५

शुक्रवारी मोठ्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे दोघी बसल्या. मध्ये डबा होता, पण तो कुणी उघडला नव्हता.

"तर योगेश सर नाहीत," मिसबा म्हणाली. "पत्रात मामांचं जन्मगाव कळस लिहिलंय. गावातल्या माणसाने असं लिहिलंच नसतं. पहिलं मूल आईच्या माहेरी होतं, हे तिकडे सगळ्यांना माहीत असतं. मामा धानोरीला झाले. कळस ही माझी चूक होती, ऋतुजा. माझी एकटीची. आख्ख्या जगात ती एकाच ठिकाणी लिहिलेली होती, माझ्या वहीत. आणि त्या सोमवारी छोट्या सुट्टीत मी ती खोडली."

ऋतुजा डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

"बाईंकडे वही गेली मोठ्या सुट्टीत. त्यांच्या सहीखाली तारीख आहे, त्याच सोमवारची. सरांकडे तर त्याच्याही नंतर. दोघांनी वाचलं असेल तर धानोरी वाचलं. कळस लिहिलेली वही मी सोडून फक्त एकाच व्यक्तीकडे होती. शनिवार-रविवार."

टाकीचा नळ तेवढा ठिबकत होता.

"मी फोटो काढून ठेवले होते मेच्या पानांचे," ऋतुजा शेवटी म्हणाली. "हेडिंगची साइझ सारखी यावी म्हणून."

मिसबा रात्रभर एकच गोष्ट मनाशी म्हणत होती, की माझं काहीतरी चुकलं असेल, ऋतुजा हसेल आणि म्हणेल, वेडी आहेस का तू. आता ती वाट बघणं संपलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही.

"का पण?"

"तीनशे सहासष्ट पानं, मिसबा." ऋतुजा एकदम बोलायला लागली. "प्रत्येक पानावरची तारीख मी काढली. अडीच महिने. बोटाला घट्टा पडलाय, बघ. आणि फॉर्मवर कुणाचं नाव? तू उड्या मारत गेलीस. एकदा तरी म्हणालीस बाईंना, की ऋतुजाचंही घाला?"

"जागा एकाच नावाला होती."

"विचारलंस का?"

मिसबाने विचारलं नव्हतं. ते तिला त्या क्षणी अगदी लख्ख आठवलं, आणि ते आठवलं म्हणून ऋतुजाचा आणखीच राग आला.

"मग मला बोलायचं होतंस. माझ्याशी भांडायचं होतंस. मामांनी काय केलं होतं तुझं?"

"मला वाटलं, वही वादात सापडेल आणि प्रदर्शनाला जाणार नाही. बस. बाबा महापालिकेला दर आठवड्याला तक्रारी करतात, त्यांच्या लॅपटॉपवर नमुने आहेत, त्यातलाच एक घेतला. मामांची चौकशी लागेल असं खरंच नव्हतं वाटलं गं."

"आणि जाणत्या व्यक्तींकडून खात्री?"

"ते नमुन्यातच होतं."

"म्हणजे तू कुणालाच विचारलं नाहीस. तुझ्या घरात कुणालाही विचारलं असतंस, तरी पहिलं मूल कुठे होतं ते कळलं असतं." मिसबा उठली. "काल दिवसभर तू माझ्यासोबत फिरलीस. योगेश सरांचं नाव तू सुचवलंस. मी तुला सगळं सांगत होते, ऋतुजा. एकेक गोष्ट."

ऋतुजाने न उघडलेला डबा पिशवीत घातला.

"उद्या शाळा सुटल्यावर चौकशी आहे, साडेअकराला. तू स्वतः येऊन सांग. तू सांगितलंस तर मी तोंडसुद्धा उघडणार नाही."

"येईन."

"नक्की?"

"येईन म्हटलं ना."

६

शनिवारी अकरा पस्तीस. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडत होत्या. संस्थेचे सचिव पृथ्वीराज देशमाने, मोठ्या बाई, सत्यशीला बाई, टिपणं घ्यायला योगेश सर, आणि सत्यशीला बाईंनी बोलावून घेतलेली मिसबा. गेनबा मामा बस म्हटलं तरी बसले नव्हते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्या शर्टाकडे बघून मिसबाला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

ऋतुजा आली नव्हती. शाळेतच आली नव्हती. फोन बंद होता.

"बोला, म्हस्के," सचिव म्हणाले. "एवढंच सांगा, तारीख खरी की खोटी?"

"सायब, मला शाळंत घातलं तवा म्या आठ वर्साचा व्हतो, आसं आई म्हनायची. मास्तरांनी सा लिवलं. आमी कुठं वाचाया शिकलो व्हतो तवा."

"म्हणजे पत्रातलं खरं आहे."

"सर," मिसबा म्हणाली, "मी बोलू?"

"तू ती वहीवाली मुलगी ना? पत्राचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला म्हणतात."

"हो सर. पण आधी एक विचारू? तुमच्या आईंचा वाढदिवस कधी असतो?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. सचिवांनी मिसबाकडे रोखून बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"एक जून," ते म्हणाले.

"माझ्या सासूबाईंचाही," मोठ्या बाई हळूच पुटपुटल्या.

"माझ्या अब्बांचाही. म्हणून खरी तारीख कुठली, हे मी सांगत नाही सर, मला ते माहीतच नाही. मामांच्या आईने सांगितलेली गोष्ट मी लिहिली, एवढंच. पण पत्रात म्हटलंय की गावात समक्ष खात्री केली. पत्राचा सगळा जोर त्या वाक्यावर आहे. आणि ते खोटं आहे. दाखवते."

तिने वही उघडली, सत्तावीस मेचं पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि मागच्या बाजूने बघायला सांगितलं. व्हाइटनरखालून, उलटा पण स्पष्ट, 'कळस' दिसत होता. मग तिने सगळं सांगितलं. माहेर, धानोरी, तो सोमवार, बाईंची सही, झेरॉक्स. बोलताना एकदाही अडखळली नाही. सत्यशीला बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसल्या.

"म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने गावात पाऊलही ठेवलं नाही," सचिव म्हणाले. "तुझी चूक जशीच्या तशी उतरवली, आणि वर शपथेवर सांगितल्यासारखं ठोकून दिलं."

"हो सर."

"आणि ते तूच लिहिलं नसशील कशावरून?"

"पत्र वीस नोव्हेंबरचं आहे. मी कळस खोडलं दहाला, मामांसमोर. मामा, खोडलं ना?"

मामांनी मान हलवली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं.

सचिवांनी पत्राची घडी घातली. "म्हस्के, बसा हो, किती वेळ उभे राहाल. शाळेचा दाखला आहे तो आहे, सेवा संपता संपता तो उकरायचा नसतो. निनावी पत्र, त्यात खोटी खात्री. योगेश, दप्तरी दाखल म्हणून लिहा. विषय संपला." मग ते मिसबाकडे वळले. "माझ्यापुरता संपला. पण त्या सोमवारच्या आधी वही कुणाकडे होती?"

मिसबाने दाराकडे बघितलं. दार बंद होतं. तिने मनात दहापर्यंत आकडे मोजले, सावकाश, ऋतुजाला जिना चढून यायला जेवढा वेळ लागतो तेवढे. मग परत एकदा मोजले.

"ऋतुजा खांदवेकडे," ती म्हणाली.

७

मामा जिन्याखाली कुलपं तपासत होते.

"मामा, ते पान काढून टाकू का मी?"

"ऱ्हाऊ दे. माजी आई खोटं बोलली न्हाई कधी." त्यांनी कुलूप ओढून बघितलं. "तुज्यावर नाहक आळ घेतला म्या. मनात ठिवू नको. पन आता मला दुसरं काय इचारू नको, पोरी. लिवायसाटी तर न्हाईच."

"नाही विचारणार," मिसबा म्हणाली. तेही बरोबरच होतं, आणि तरी लागलं.

सत्यशीला बाईंना तिने फॉर्मबद्दल सांगितलं होतं. दुसरं नाव जोडता येतं का, विचारलं होतं. "येतं की," बाई म्हणाल्या होत्या. "तुला खरंच जोडायचंय?" मिसबा हो म्हणाली, कारण पानांवरच्या तारखा ऋतुजाने काढल्या होत्या, ही गोष्ट काही खोटी नव्हती.

फाटकाबाहेर, पुस्तकांच्या दुकानाच्या आडोशाला ऋतुजा उभी होती. गणवेश नव्हता. डोळे सुजले होते.

"आले होते मी," ती म्हणाली. "सव्वाअकरालाच. आत यायचं धाडस नाही झालं. मिसबा, तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मैत्रीण असून?"

मिसबाने तिच्याकडे नीट बघितलं. तिला वाटलं होतं की केबिनमधल्यासारखंच इथेही सगळं मुद्देसूद बोलता येईल, एकेक गोष्ट क्रमाने. पण हिला खरंच वाटत होतं की दगा मिसबाने दिलाय. ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि ते खोडायला कुठलाच पुरावा चालणार नव्हता.

"तुझं नाव फॉर्मवर घातलंय मी," ती एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. मागून हाक आली. ती थांबली नाही.

मंडईत दुपारची सुस्ती होती. अब्बा गाड्यामागे पेपर वाचत बसले होते. शनिवारी शाळा सुटली की दोघी इकडे यायच्या, म्हणून त्यांनी दोन पेरू आधीच कापून, तिखटमीठ लावून ठेवले होते.

"ऋतुजा मागे राहिली वाटतं?" ते म्हणाले. "घे, तिचाही धर."

"एकच द्या, अब्बा."

अब्बांनी पेपर खाली ठेवला आणि लेकीकडे बघितलं. दुसरा पेरू त्यांनी शेजारच्या भाजीवाल्या सुशीलाबाईंच्या हातात दिला. मिसबाने पहिली फोड तोंडात घातली. तिखट चांगलंच झोंबलं, आणि दोन दिवस अडलेलं डोळ्यांतलं पाणी आता एकदम घळाघळा वाहायला लागलं.